हिंगण्याची वाट

पुण्यात आज जो मार्ग कर्वे रस्ता या नावाने ओळखला जातो, तो दिवसाच्या कोणत्याही प्रहरी वाहनांनी गजबजलेला असतो. डेक्कन जिमखान्यापासून कर्वेनगरापर्यंतचे अंतर आता कोणाला दूर वाटत नाही. सन १९०० च्या सुमारास मात्र या बाजूला शहराचा मागमूसही नव्हता. हिंगणे हे एक लहानसे खेडे होते आणि शहरापासून ते सुमारे चार मैलांवर होते. मधल्या भागात शेते, माळ आणि काटेरी झुडपे होती. पावसाळ्यात पाऊल रुतावे असा चिखल होई. त्या वाटेने एक किरकोळ बांध्याचे, अबोल गृहस्थ कॉलेजातील आपले काम आटोपून झपझप चालत जाताना दिसत. कधी त्यांच्याजवळ आश्रमासाठी घेतलेले सामानसुमानही असे. हे गृहस्थ म्हणजे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविणारे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे.

विधवा स्त्रियांना शिक्षण देऊन त्यांना स्वतःच्या पायांवर उभे करावे, या हेतूने अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. आरंभी आश्रम पुणे शहरातच होता. पुढे प्लेगच्या साथीने शहरात राहणे धोक्याचे झाले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथील आपली जमीन व काही रक्कम आश्रमाला दिली. तेथे एक साधी झोपडी उभारण्यात आली आणि १९०० साली मोजक्या मुलींसह आश्रम हिंगण्यास गेला. कॉलेज मात्र आपल्या जागी राहिले, आणि अण्णासाहेबांचे बिऱ्हाडही शहरातच राहिले. अशा रीतीने एका माणसाचा दिवस तीन ठिकाणी वाटला गेला.

अण्णासाहेब गणिताचे प्राध्यापक होते. तेव्हा त्यांच्या दिवसाचा हिशेब गणितानेच मांडून पाहण्यास हरकत नाही. चपळ चालीच्या माणसालाही चार मैल चालण्यास सव्वा तास लागतो. जाऊन येऊन अडीच तास झाले. आठवड्याचे सहाच दिवस धरले, तरी पंधरा तास केवळ वाट तुडविण्यात जातात. त्यात कॉलेजचे तास, त्या तासांची पूर्वतयारी, विद्यार्थ्यांच्या वह्या, आश्रमातील मुलींचे शिकविणे, देणगीदारांना लिहावयाची पत्रे आणि पैशापैशाचा जमाखर्च मिळवावा. झोपेला सहा तास ठेवले, तर बाकी काय उरते? जे काही उरते, त्यातून बायकोमुलांचा वाटा काढावयाचा होता. हा वाटा किती निघाला आणि जो निघाला नाही त्याची भरपाई कोणी केली, हा प्रश्न त्यांच्या चरित्रात पुष्कळदा मागे पडतो. थोर पुरुषांच्या चरित्रांत घरातील चुलीचा धूर सहसा दिसत नाही.

वेळेशी अशी झटापट करण्याची सवय अण्णासाहेबांना लहानपणापासून होती. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली येथे, आजोळी झाला. बालपण कोकणात दापोलीजवळच्या मुरूड गावी गेले. १८७५ साली सरकारी परीक्षेस बसण्यासाठी ते सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले. पावसापाण्यातून शंभराहून अधिक मैल चालून ते तेथे पोहोचले, तो परीक्षकांनी त्यांची लहानखुरी मूर्ती पाहून वय पुरेसे दिसत नाही असे सांगितले आणि त्यांना परत पाठविले. पुढे १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित हा विषय घेऊन ते पदवीधर झाले. मुंबईत असताना निरनिराळ्या शाळांत काही तास शिकविणे आणि त्यांच्या आगेमागे घरोघर जाऊन शिकवण्या करणे असा त्यांचा क्रम होता. एका दाराहून दुसऱ्या दाराकडे जाण्यातच दिवस सरे. पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली निवर्तल्या, तेव्हा मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. त्याच साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्या सूचनेवरून कर्वे फर्ग्युसन कॉलेजात आले.

आश्रम सुरू झाल्यावर नोकरी सोडून सारा वेळ त्याच कार्याला वाहणे, हा एक मार्ग त्यांच्यापुढे होता. त्या काळी ध्येयवादी माणसे असे करीतही. अण्णासाहेबांनी तसे केले नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीला त्यांनी दीर्घ सेवेचे वचन दिलेले होते आणि संसाराचा गाडाही त्या नोकरीवरच चालत होता. आश्रमासाठी गोळा केलेल्या पैशातून आपल्या घराचा खर्च भागवावा, हे त्यांच्या स्वभावात बसणारे नव्हते. म्हणून कॉलेजचे घड्याळ त्यांनी कधी मोडले नाही. आश्रमाचा वेळ त्यांनी कॉलेजच्या वेळेतून चोरला नाही. तो सायंकाळच्या, सुट्यांच्या आणि विश्रांतीच्या वेळातून काढला. मे आणि ऑक्टोबरच्या लांब सुट्या लागल्या की इतर प्राध्यापक गावी जात अथवा विसावा घेत. अण्णासाहेब वर्गणी मागण्यासाठी दूरदूरच्या गावी जात. लाजाळू माणसाला पैसे मागण्याचे काम नकोसे वाटते, आणि अण्णासाहेब तर विलक्षण लाजाळू होते. परंतु सुटीचे दिवस मोजके असत, तेव्हा लाजण्यात ते घालविणे परवडत नसे.

येथवर जे सांगितले ते बहुतेकांना ठाऊक असते. त्याच वेळी शहरातील बिऱ्हाडात काय चालले होते, ते आता पाहू.

११ मार्च १८९३ रोजी अण्णासाहेबांनी गोदूबाई या विधवा स्त्रीशी विवाह केला. गोदूबाई ही देवरुखच्या जोश्यांची कन्या आणि अण्णासाहेबांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण. लहानपणीच तिला वैधव्य आले होते. पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा तेथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी तीच. लग्नानंतर तिचे नाव आनंदीबाई ठेवण्यात आले. पुढे सर्वजण त्यांना बाया म्हणू लागले. या विवाहामुळे मुरूडच्या ग्रामस्थांनी कर्वे कुटुंबावर बहिष्कार घातला. आई आणि भाऊ गावी असूनही अण्णासाहेबांना पत्नीसह आपल्या घरी उजळ माथ्याने जाता येईना.

या बहिष्काराचा संबंध वेळेशी काय, असे कोणी विचारील. तो फार जवळचा आहे. त्या काळच्या घरात दिवसाचे काम एकट्या बाईने करावयाचे, अशी रीत नव्हती. सासू, जावा, नणंदा आणि विधवा आत्या अशा चार-सहा बायकांत ते वाटले जाई. एकीने जात्यावर बसावे, दुसरीने चूल सांभाळावी, तिसरीने धुणे न्यावे आणि म्हातारीने पाळण्याची दोरी ओढावी. आजारपण आले, बाळंतपण आले, तर गावाहून माणूस येई. बायांच्या घरी यांतले कोणी येण्याचा संभव उरला नव्हता. आप्तांची दारे बंद झालेली, शेजाऱ्यांच्या पंगतीत स्थान नाही, आणि घरचा पुरुष बहुतेक वेळ कॉलेजात, आश्रमात किंवा त्या दोहोंमधल्या वाटेवर. १९०० साली रघुनाथ कॉलेजच्या वयाचा झाला होता, शंकर लहान होता आणि दिनकर तर अगदीच तान्हा होता. हिंगण्याच्या वाटेवरील प्रत्येक तासाबरोबर या घरातला एक तास बायांच्या अंगावर पडत होता. अण्णासाहेबांच्या दिवसाचे चोवीस तास पुरले, याचे एक मोठे कारण हे की, त्यांत बायांचेही पुष्कळ तास मिसळलेले होते.

बाया हे सर्व मुकाट्याने सोसणाऱ्या स्त्री नव्हत्या, आणि हे फार बरे झाले. त्यांचा स्वभाव स्पष्टवक्ता होता. मनात येईल ते त्या नवऱ्याच्या तोंडावर बोलून दाखवीत. आश्रम सुरू करताना अण्णासाहेबांनी आपल्या शिलकीतून १,००० रुपये दिले होते. पुढे आपल्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही त्यांनी आश्रमाच्या नावे करून दिली, तेव्हा बायांच्या संतापाला पार राहिला नाही. उद्या तुमचे काही बरेवाईट झाले, तर या मुलांनी कोणाच्या तोंडाकडे पाहावे, असा त्यांच्या रागाचा अर्थ होता. त्यांनी एकदा वैधव्याचे चटके सोसले होते. निराधार विधवेची अवस्था कशी असते, हे आश्रमाच्या संस्थापकापेक्षा त्या अधिक जवळून जाणत होत्या. आणि त्या अवस्थेतून इतरांना सोडविण्यासाठीच तो पैसा जात होता! दोघांचीही बाजू खरी असावी आणि तरी दोघांचे जुळू नये, असा प्रसंग संसारात येतो. अशा वेळी कोण चुकले हे ठरविण्याची घाई वाचकाने करू नये.

बायांनी नुसते भांडून हातपाय गाळले नाहीत, ही त्यांच्या स्वभावातील दुसरी बाजू. त्यांनी सुईणीचे शिक्षण घेतले. घरातील दिवस आधीच काठोकाठ भरलेला असताना स्वतःसाठी एक विद्या मिळविण्यापुरता वेळ त्यांनी काढला. अण्णासाहेबांच्या चिकाटीचे जे कौतुक होते, त्याच मापाने हेही मोजले पाहिजे.

अण्णासाहेबांना हिंगण्याची रोजची पायपीट पुढे कमी करता आली, ती आणखी जलद चालून नव्हे. चालणाऱ्याच्या पायांना काही मर्यादा असतेच. त्यांनी आपले काम दुसऱ्यांच्या हाती सोपविण्यास आरंभ केला. बायांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले याही विधवा होत्या. एका मुलाची जबाबदारी त्यांच्यावर होती आणि अक्षरओळख जवळजवळ नव्हती. प्रौढ वयात त्या लहान मुलींच्या बरोबरीने धडे गिरवू लागल्या आणि काही काळाने आश्रमाचा मोठा भार त्यांनी उचलला. स्वयंपाकघरापासून वर्गणी गोळा करण्यापर्यंत त्यांना कोणतेच काम वर्ज्य नव्हते. १९१८ साली तर इंग्रजी शिकण्यासाठी आणि संस्थेकरिता निधी मिळविण्यासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे घरकाम करून पोट भरीत शिकल्या. काशीबाई देवधर यांच्यासारख्या कार्यकर्त्या स्त्रियाही संस्थेत होत्या. १९०८ साली अण्णासाहेबांनी निष्काम कर्म मठ स्थापन केला, तो आपले आयुष्य कार्याला वाहणारी माणसे एकत्र यावीत म्हणूनच. ज्या कामासाठी पूर्वी एका माणसाला चार मैल चालत जावे लागे, त्या कामासाठी आता माणसे जागेवरच होती.

काम सोपविणे हे बोलण्यास सोपे आणि करण्यास फार अवघड असते. हाताखालच्या माणसाला शिकविण्यात आरंभी दुप्पट वेळ जातो. ते काम आपल्यासारखे होत नाही, म्हणून मन चुटपुटते. स्वतः करून मोकळे व्हावे असे वाटते, आणि पुष्कळ कर्तबगार माणसे येथेच अडतात. अण्णासाहेब मुळात शिक्षक असल्यामुळे विद्यार्थी चुकत चुकत शिकतो, हे त्यांना नवे नव्हते. शिवाय आश्रमाचा हेतूच असा होता की, तेथे आलेल्या स्त्रीने पुढे आपले काम आपण चालवावे. सगळी सूत्रे त्यांनी आपल्याच हाती ठेवली असती, तर मुली शिकल्या असत्या, परंतु संस्था चालविणाऱ्या स्त्रिया तयार झाल्या नसत्या.

१९१४ साली अण्णासाहेब फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले. दिलेले वचन पुरे झाले होते. इतर माणसे ज्या वयात विसाव्याची जागा शोधतात, त्या वयात, म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी, १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. आज श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ या नावाने ते प्रसिद्ध आहे. निवृत्तीमुळे त्यांच्या दिवसातले कॉलेजचे तास मोकळे झाले. पण ते घराला मिळाले असे म्हणता येत नाही. ते विद्यापीठाकडे गेले. मोकळा झालेला वेळ ज्या कामाची ओढ अधिक त्याच कामाकडे पाण्यासारखा वाहतो. घराकडे तो वळवावयाचा असेल, तर आधी बांध घालावा लागतो. अण्णासाहेबांनी तो बांध क्वचितच घातला.

मुले मात्र चांगली निघाली. रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक झाले आणि पुढे संततिनियमनाच्या प्रचारासाठी समाजाचा रोष पत्करून आयुष्यभर झगडले. शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेत स्थायिक झाले. दिनकरराव फर्ग्युसन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत आणि तेथेच प्राचार्य झाले. समाजशास्त्रज्ञ व लेखिका इरावतीबाई या त्यांच्या पत्नी. धाकटे भास्करराव हिंगण्याच्या संस्थेतच राहिले. यावरून घराची काहीच हानी झाली नाही, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. मुले शिकली, पुढे आली, याचे श्रेय कोणत्या तासांना द्यावयाचे? हिंगण्याच्या वाटेवरील तासांना की चुलीपुढच्या तासांना? बाप रोज पायी चिखल तुडवीत जातो, हे पाहूनही मुले काही शिकली असतील. आईने हाती आलेल्या थोड्या पैशांत महिना कसा पुरविला, हेही त्यांनी पाहिले असेल. एकाचीच गणना करून दुसरीला वगळले, तर उत्तर चुकते.

आता काळ पालटला आहे. घराघरांत पतिपत्नी दोघेही नोकरीस जातात. मुंबईत सकाळच्या गाडीने निघालेली आई रात्री दिवे लागल्यावर घरी परतते. हिंगण्याच्या वाटेची जागा लोकलच्या डब्याने घेतली आहे, परंतु जाण्यायेण्यात खर्ची पडणारे तास तसेच आहेत. घरी पोहोचल्यावर दोघांपैकी कोण प्रथम खुर्चीवर बसतो आणि कोण पदर खोचून ओट्याशी उभे राहते, हे पुष्कळ घरांतील मुलांनी रोज पाहिलेले असते. पाणी भरून ठेवणे, दळण आणणे, धाकट्या भावंडाचा अभ्यास घेणे, आजोबांना औषध देणे ही कामे कोणाच्याही वेळापत्रकात लिहिलेली नसतात, पण ती कोणीतरी केलेली असतात. घरातील एका व्यक्तीने आपला वेळ फार उत्तम रीतीने वापरला असे दिसले की, ती कामे त्या दिवशी कोणी केली, हे विचारून पाहावे.

उतारवयात बाया आणि अण्णासाहेब यांच्या वाट्याला एकत्र प्रवासही आला. शंकरराव आफ्रिकेत असल्यामुळे १९३० नंतर ती दोघे तिकडे गेली. अर्थात तेथेही अण्णासाहेबांनी विद्यापीठासाठी निधी गोळा केलाच. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नाहीत तेथे त्या काढाव्यात म्हणून महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन करून ते पुन्हा दारोदार हिंडू लागले. बाया २९ नोव्हेंबर १९५० रोजी वारल्या. त्यानंतर आठ वर्षांनी, शंभर वर्षे पुरी झाली त्या १९५८ साली, अण्णासाहेबांना भारतरत्न हा किताब मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

अण्णासाहेबांनी आपले 'आत्मवृत्त' १९१५ साली प्रसिद्ध केले. संस्थेची वाढ, वर्गण्या, प्रवास आणि सहकारी यांची हकीकत त्यात सविस्तर आहे. बायांच्या आठवणी बाहेर येण्यास त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे लागली. धाकट्या सूनबाई कावेरीबाई यांनी त्या जुळविल्या आणि १९४४ साली त्या 'माझे पुराण' या नावाने छापल्या गेल्या. त्यात पैशाची चणचण आहे, मुलांची आजारपणे आहेत, नवऱ्यावरचा राग आहे आणि त्याच्याविषयीचा अभिमानही आहे. हिंगण्यास निघालेल्या माणसाच्या पाठीमागे घराचे दार लागले की आत काय होत असे, ते त्या पुस्तकात वाचावयास मिळते.